जुन्या पियानोच्या जाहिरातीत सूर किती उतरलाय तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या, की त्यांच्या दिवाणखान्यांतले पियानो बाहेर पडू लागतात. वांद्रे, भायखळा, दादरची पारशी कॉलनी, पुण्याचा कॅम्प, गोव्यात सासष्टीतली मोठी घरे, सगळीकडे कारणे तीच. नव्या फ्लॅटमध्ये दीड मीटर रुंदीचे वाद्य मावत नाही, मुले परदेशात असतात, वाजवणारे कोणी उरलेले नसते. मग छोट्या जाहिरातींत दोन ओळी येतात: 'जर्मन ग्रँड पियानो, उत्तम स्थितीत, भाव प्रत्यक्ष भेटीत.' सोबत फोटो असलाच तर चकचकीत काळ्या झाकणाचा. पियानो सुरात लावणे, दुरुस्त करणे आणि शिकवणे हेच आमचे काम असल्याने एवढ्याशा माहितीवर मोठी रक्कम मोजून बसलेली कुटुंबे आम्हाला नेहमी भेटतात. वाद्य घरी आल्यावर ट्यूनरला बोलावणे जाते. ते पैसे देण्याच्या आधी जायला हवे.

म्हणून आपल्या जाहिरात विभागाला विनंती आहे. पियानोच्या जाहिरातीत चार गोष्टी मागून घ्याव्यात: बनवणाऱ्याचे नाव आणि सीरियल नंबर, लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचे ट्यूनिंग कधी झाले, आणि आज मधल्या 'ए'चा सूर किती हर्ट्झ आहे. टेप आणि मोबाइल हाताशी असला तर विकणाऱ्याला हे सगळे पाच-दहा मिनिटांत सांगता येते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही.

मधला ए म्हणजे हार्मोनियमवाल्यांच्या हिशेबाने मधल्या सप्तकातली पांढरी सहा. १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या स्वरासाठी ४४० हर्ट्झ ठरले आणि आज बहुतेक जग तेच मानते. फोनवर कोणतेही ट्यूनर ॲप उघडून ती पट्टी वाजवली की आकडा समोर येतो. ४३६ ते ४४२ च्या दरम्यान असेल तर वाद्याची निगा राखली गेली आहे असे समजायला हरकत नाही. ४२७ म्हणजे पाव स्वर उतरलेला. ४१५ म्हणजे पुरता अर्धा स्वर. 'जुने पियानो खालच्याच सुरात बनवायचे' असे विकणारे सांगतात, पण ते खरे नाही. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ठरवलेला सूर ४३५ होता. आजच्या ४४० पासून तो अर्ध्या स्वराच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याने खाली येतो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी पियानो तर उलट ४५० च्याही वर चढवलेले असत. तेव्हा अर्धा स्वर उतरलेला पियानो एक तर वर्षानुवर्षे दुर्लक्षित आहे, नाही तर ज्यांवर तारा गुंडाळतात त्या त्याच्या पिना तारा धरून ठेवत नाहीत.

या दोन्हींत फार मोठा फरक आहे आणि तो कानाने ओळखता येतो. खालून वर सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल, म्हणजे तो आपल्या आपल्यात बऱ्यापैकी सुरात वाटत असेल, तर तो बहुधा नुसता दुर्लक्षित आहे. शेजारच्या पट्ट्या ठीक आणि मधल्याच चार-सहा पट्ट्या भलत्याच बेसूर, असे जागोजागी आढळले तर संशय पिनांवर घ्या. मधल्या आणि वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. त्यातली एक जरी सरकली तरी एकाच पट्टीतून दोन सूर लहरत आल्यासारखे ऐकू येतात.

नुसता दुर्लक्षित असला तरी त्याला वर आणणे फुकटात होत नाही. ग्रँड पियानोत साधारण २२० ते २४० तारा असतात आणि सुरात असताना त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. अर्धा स्वर चढवायचा म्हणजे त्यात आणखी सुमारे दोन टनांची भर. गंजलेल्या तारा हा ताण सोसत नाहीत, पिनेच्या वेटोळ्यापाशी किंवा वळणावर तुटतात. साध्या पोलादी तारा मिळतात, पण खर्जाच्या, तांबे गुंडाळलेल्या तारा त्या त्या पियानोच्या मापाने बनवून घ्याव्या लागतात. चढवणेही एका बैठकीत होत नाही. आधी ढोबळ चढवायचे, काही दिवस स्थिरावू द्यायचे, पुन्हा लावायचे, आणि दोन-तीन महिन्यांनी आणखी एकदा. उतरलेलाच ठेवून वाजवता येतो खरा, पण मग तो व्हायोलिन, बासरी, सिंथेसायझर कोणाशीच जुळत नाही, आणि शिकणाऱ्या मुलाच्या कानात चुकीचा स्वर बसतो. आम्हाला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते.

आता पिनांकडे वळू. प्रत्येक तार सुमारे सात मिलिमीटर जाडीच्या पोलादी पिनेवर गुंडाळलेली असते आणि ती पीन बिडाच्या चौकटीखाली दडलेल्या, कठीण लाकडाचे थर चिकटवून केलेल्या फळीत ठोकलेली असते. या फळीला पिनब्लॉक म्हणतात. ती वरून दिसत नाही, पण पियानोचे आयुष्य तीच ठरवते. पावसाळ्यात लाकूड फुगते, पिनेवर दाबले जाऊन चेपते. कोरड्या दिवसांत ते आकसते तेव्हा चेपलेले भोक मूळ मापावर येत नाही. असे शंभरेक पावसाळे काढलेल्या फळीत पीन फिरवली तर लोण्यातून फिरल्यासारखी फिरते आणि हात काढताच तारेच्या ओढीने मागे येते. काही वाद्यांत थरांमधला सरसच सुटलेला असतो.

टॉर्च घेऊन पिनांच्या रांगा नीट पाहा. तारेचे वेटोळे चौकटीपासून चार-पाच मिलिमीटर वर असायला हवे. ते चौकटीला टेकले असेल तर सैल पिना हातोडीने खोल ठोकून वेळ मारून नेलेली आहे. जुन्या काळपट रांगेत मधूनच नव्या, जाड पिना दिसल्या तर तिथली भोके मोठी झाली होती. पिनांभोवती चिकट, काळसर वर्तुळे दिसली तर ग्लिसरीन घातलेले औषध ओतून लाकूड फुगवले होते असे समजा. ते सर्वांत वाईट, कारण त्यानंतर त्या भोकात कोणताही गोंद धड धरत नाही. अलीकडे पातळ सुपरग्लू सोडतात. तो नीट सोडला असेल तर काही वर्षे चांगला टिकतो आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही, फक्त भावात तो दिसला पाहिजे. शेवटी खात्री ट्यूनरच्या पान्यानेच होते. तो ठिकठिकाणच्या तीस-चाळीस पिना जेमतेम हलवून पाहील: चांगली पीन अडून, थोडी कुरकुरत फिरते आणि ठेवाल तिथे राहते. निरनिराळ्या सप्तकांतल्या पिना पाहायला सांगा, एकाच कोपऱ्यातल्या नकोत.

'कालच ट्यून करून ठेवलाय' असे ऐकले तर खुशाल जा, वाजवा, ॲपवरचे आकडे लिहून घ्या, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा जा. सैल पिना तेवढ्यात बोलतात. पिनब्लॉक बदलायचा म्हणजे सगळ्या तारा काढणे, शंभर-दीडशे किलो वजनाची चौकट उचलणे, नवी फळी मापाने बसवून दोनशेहून अधिक भोके पाडणे, आणि पुन्हा सगळे ताणणे. हे काम नीट करणाऱ्या कार्यशाळा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. सामान्य घरासाठी तो व्यवहार तिथेच संपला असे धरा.

पाहणी कोणत्या ऋतूत होते यालाही महत्त्व आहे, आणि जाणकारांकडूनही हे सुटते. मुंबईत किंवा गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये फुगलेले लाकूड पिना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे कमकुवत पिनब्लॉकही परीक्षेत पास होतो. खरे रूप थंडीत दिसते. नागपूर-अमरावतीकडे तर मे महिन्यात. उलट पट्ट्या अडकणे, हॅमर (तारेवर आपटणारी फेल्टची हातोडी) सावकाश परतणे ही दुखणी पावसाळ्यात उफाळतात, कारण सांध्यांतले कापडी बुश ओल धरतात. ही दुरुस्ती बहुतेक वेळा आवाक्यातली असते, म्हणून त्यावरून पियानो नाकारू नका, भाव करा. पावसाळ्यातच घ्यावा लागला तर निदान किनाऱ्यावरचा पियानो विदर्भात नेण्याआधी दहादा विचार करा. तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात पिना सैल होऊन साउंडबोर्डला, म्हणजे तारांखालच्या लाकडी पडद्याला, भेगा गेलेली वाद्ये दुरुस्तीला येतात.

बिडाच्या चौकटीला तडा असेल तर बाकीचे काही पाहायचे कारण नाही. बीड ठिसूळ असते, आणि वीस टनांखाली केलेले वेल्डिंग भरवशाचे नसते. तडे बहुधा पिनांच्या पट्ट्यापाशी, आडव्या-उभ्या दांड्यांच्या सांध्यांत आणि बोल्टच्या भोवती जातात. टॉर्च तिरपा धरून प्रत्येक दांडी बोटाने चाचपा. चौकटीला नुकताच सोनेरी रंग दिलेला असेल, आणि तारांवर वा फेल्टवर त्या रंगाचे शिंतोडे असतील, तर दुप्पट बारकाईने पाहा. तारा न काढता रंग मारला आहे, म्हणजे मारणाऱ्याला वाद्याची फिकीर नव्हती.

साउंडबोर्डच्या भेगांना मात्र लोक उगाच घाबरतात. पियानोखाली आडवे पडून पाहिले तर स्प्रूस लाकडाच्या त्या पातळ पडद्यावर आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. भेग असली तरी पट्टी आणि पडदा घट्ट चिकटलेले असतील तर आवाजाला फारसे बिघडत नाही. पट्टी सुटली असेल तर जोरात वाजवल्यावर झणझण येते, आणि तीही बोटाने दाबल्यावर थांबते. मोठी परीक्षा वेगळीच. पडदा वरच्या बाजूला किंचित फुगीर हवा. सर्वांत लांब पट्टीच्या जवळ, पडद्याच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मध्यावर दोरा आणि पडदा यांच्यात दीड-दोन मिलिमीटर फट राहिली तर फुगवटा जिवंत आहे. दोरा मध्यावर टेकला तर पडदा बसला, आणि त्याचा आवाज लवकर विझतो. ब्रिजवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीवर, तारांच्या बाजूला ज्या बारीक पिना असतात त्यांच्याभोवती लाकूड चिरले आहे का तेही वरून पाहा, विशेषतः खर्जाच्या ब्रिजवर. तिथे चीर असेल तर तार कितीही नवी घाला, सूर स्वच्छ लागणार नाही.

वाजवण्याच्या यंत्रणेला ॲक्शन म्हणतात. ती पाहायला ट्यूनरने की-स्लिप (पट्ट्यांसमोरची लाकडी फळी), दोन्ही बाजूंचे ठोकळे आणि पट्ट्यांवरचे झाकण काढून ती समोर ओढून घ्यावी लागते. हे काम खरेदीदाराने किंवा विकणाऱ्याने स्वतः करू नये. ओढताना चुकून एक पट्टी जरी दाबली गेली तरी तिचा हॅमर वर उचलला जाऊन पिनब्लॉकला अडकतो आणि त्याची काडी मोडते. पण काही तपासण्या झाकण न काढताही होतात. दहा रुपयांचे नाणे साधारण ७.७ ग्रॅमचे असते. उजवे पेडल दाबून ठेवा, म्हणजे डॅम्परचे (तारांचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गाद्यांचे) वजन बाजूला होईल, आणि पट्टीच्या पुढच्या कडेपाशी सात नाणी ठेवा. सुमारे ५४ ग्रॅम झाले. पट्टी हळू खाली जायला हवी. दहा नाण्यांनीही हलली नाही तर सांधे जाम आहेत किंवा भार चुकला आहे. मग पट्टी दाबून तिच्यावर तीनच नाणी ठेवा आणि बोट उचला. तेवढे वजन घेऊन ती वर आली पाहिजे. खर्जातल्या पट्ट्या थोड्या जड लागणारच. पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते. खूप कमी-जास्त असेल तर ॲक्शनचे माप बिघडलेले आहे.

झाकण उघडून वरून पाहिले तर हॅमरही दिसतात. तारांनी फेल्टवर पाडलेल्या खाचा दोन मिलिमीटरपर्यंत असतील तर घासून आकार देता येतो. त्याहून खोल, किंवा वरच्या सप्तकात खालचे लाकूड दिसू लागले असेल, तर ८८ हॅमरचा संच परदेशातून मागवावा लागेल. संच आयात शुल्कासह येतो आणि बसवायला कुशल हात लागतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि ते भावात धरा. वरच्या वीसेक पट्ट्यांना डॅम्पर नसतात, तिथला आवाज पट्टी सोडल्यावरही रेंगाळतो. तो दोष नव्हे. बाकीच्या पट्ट्या सोडताच गप्प झाल्या पाहिजेत. डावे पेडल दाबल्यावर ग्रँडमध्ये सगळ्या पट्ट्या एकत्र किंचित उजवीकडे सरकतात. तसे होत नसेल तर तेही लिहून ठेवा.

पट्ट्यांच्या खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उंदरांनी घरटे केले असेल तर त्यांच्या मुतामुळे पट्ट्यांखालच्या पिना गंजतात आणि तो वास कशानेही जात नाही. फेल्टला कसर लागली असेल तर हॅमरच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, धुळीत बारीक कोशांचे अवशेष सापडतात. पायांच्या आणि तळाच्या लाकडात भुशाची बारीक पूड असेल तर कीड अजून चालू आहे. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीकडच्या बाजूला शोधा. तळमजल्यावरचा पियानो असेल तर पाणी शिरले होते का हे सरळ विचारा. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात अनेक घरांत पाणी दिवाणखान्यात उभे होते. पायांचे फुगलेले व्हिनियर, पेडलच्या दांड्यांचा गंज, साउंडबोर्डच्या खालच्या बाजूला पाण्याची रेघ, या खुणा पॉलिशने झाकल्या जात नाहीत.

नावाबद्दल. आपल्याकडे सापडणारे जुने ग्रँड बरेचसे लंडनचे: ब्रॉडवूड, कोलार्ड, चॅपेल, ब्रिन्समीड, चॅलन. वसाहतींसाठी मुद्दाम जास्त स्क्रू आणि पितळी पट्ट्या घालून बनवलेली वाद्येही त्यात आहेत, आणि ती आपल्या हवेत खरोखर बरी टिकली. जर्मन म्हणजे बहुधा बर्लिनचे बेखश्टाइन किंवा लाइपत्सिगचे ब्लूथनर, दोन्ही १८५३ चे. नाव मोठे असले तरी शंभर वर्षे जुन्या वाद्याचा निकाल पिनब्लॉक देतो. जुन्या ब्लूथनरमध्ये त्यांची स्वतःची पेटंट ॲक्शन असू शकते. पॅरिसच्या एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१ साली आणलेल्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेइतक्या जलद ती एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवू देत नाही आणि तिचे सुटे भाग घडवूनच घ्यावे लागतात. झाकण उघडल्यावर खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या जाताना दिसल्या नाहीत, सगळ्या समांतरच असल्या, तर ती त्याहून जुन्या घडणीची. अशा वाद्याचा गोडवा आम्हाला प्रिय आहे, पण शिकणाऱ्या मुलासाठी ते घेऊ नका. आमचे स्पष्ट मत असे की त्याच पैशात तीस-चाळीस वर्षे जुना हमामात्सूचा यामाहा किंवा कावाई मिळत असेल तर तो घ्यावा: भाग मिळतात, ट्यूनरला माहीत असतो, आणि सीरियल नंबरवरून बनल्याचे साल कळते. झाकणावरचे नाव आणि चौकटीवर ओतलेले नाव जुळते का ते पाहायला विसरू नका. अक्षरे नव्याने चिकटवणे अवघड नाही.

लांबी १५० सेंटिमीटरच्या आत असेल तर तेवढ्या पैशात १३१ सेंटिमीटर उंचीचा चांगला अपराइट, म्हणजे उभा पियानो पाहा. त्याच्या खर्जाच्या तारा जास्त लांब असतात आणि खालचा आवाज जास्त भरीव येतो.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी एकच जोड: न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीच्या पियानोंमध्ये १९६२ पासून साधारण वीस वर्षे सांध्यांत टेफ्लॉनचे बुश घालत. हवेतली ओल बदलली की ते टिकटिकतात. त्या काळातला पियानो असेल तर बुश बदलले आहेत का ते विचारा.

हस्तिदंताच्या पट्ट्या हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या दंताचीसुद्धा. 'अस्सल आयव्हरी' असे जाहिरातीत अभिमानाने लिहिणारे स्वतःलाच अडचणीत आणतात, आणि वर्तमानपत्रालाही. पांढऱ्या पट्टीवरचे आवरण दोन तुकड्यांत असेल, पुढचा रुंद आणि काळ्या पट्ट्यांमधला अरुंद, आणि दोहोंमध्ये केसाएवढी सांध्याची रेघ दिसत असेल, तिरप्या उजेडात लाकडासारखे अनियमित रेषांचे अंग असेल, तर ते हस्तिदंत असू शकते. सेल्युलॉइडवरच्या नकली रेषा एकसारख्या आणि समांतर असतात. शंका असली तर वनविभागाला लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. असे वाद्य परदेशी नेण्याचा विचार तर तिथल्या आणि इथल्या दोन्ही कस्टम्सना विचारल्याशिवाय करूच नये.

ट्यूनर आपला आणा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची फी आपण द्या, दीड-दोन तास द्या, आणि अहवाल लिहून घ्या. पावतीवर बनवणाऱ्याचे नाव, सीरियल नंबर, रक्कम आणि दोन्ही पक्षांचे ओळखपत्र हवे. आजी-आजोबांचा पियानो असेल तर बाकीच्या वारसांची संमती लेखी घ्या, गोव्यात वारसांची इन्व्हेंटरी (मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झाली आहे का ते विचारा. चर्च, क्लब किंवा शाळा विकत असेल तर समितीच्या ठरावाची प्रत मागा. आणि 'पियानो फुकट देतो, फक्त वाहतुकीचे पैसे आधी पाठवा' असा निरोप आला तर उत्तरच देऊ नका. जगभर चालणारी ती फसवणूक आहे, आणि तो पियानो कुठेच नसतो.

नेण्याची तयारी सौदा पक्का होण्याआधी करा. यामाहा सी-थ्री सारखा १८६ सेंटिमीटरचा ग्रँड सुमारे ३२० किलोचा असतो. आधी पेडलचा लायर (पेडल धरून ठेवणारा खालचा सांगाडा) काढतात, मग खर्जाच्या बाजूचा पाय, मग त्या सरळ बाजूवर वाद्य गादी घातलेल्या पाट्यावर उभे करतात आणि उरलेले पाय काढतात. अशा उभ्या स्थितीत त्याची उंची दीड मीटरच्या आसपास आणि लांबी पियानोएवढीच राहते. नेहमीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. जिन्याच्या वळणाचे माप दोन्ही इमारतींत घ्या, गॅलरीतून क्रेनने चढवायचे असेल तर सोसायटीची परवानगी आधी काढा. कमीत कमी सहा सरावलेली माणसे हवीत. घरसामान हलवणारे सगळेच हे काम जाणत नाहीत. चाकांवरून ढकलत नेण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका: फरशीच्या फटीत चाक अडकले की पाय मोडतो, पाय मोडला की वाद्य पडते, आणि पडले की बिडाला तडा जातो.

घरी आणल्यावर बाहेरच्या भिंतीला, खिडकीला आणि एसीच्या झोताला सोडून जागा द्या. पहिले ट्यूनिंग दोन-तीन आठवड्यांनी करा, तोवर लाकूड नव्या हवेला सरावते. शेजारी हायग्रोमीटर ठेवा. ४० ते ६० टक्के ओल पियानोला मानवते, मुंबईचा पावसाळा त्याच्या कितीतरी वर जातो. तेव्हा डिह्युमिडिफायर लावा किंवा ट्यूनरकडून पियानोसाठीचीच कमी वॉटची हीटर-दांडी आणि तिचा ओल मोजणारा स्विच बसवून घ्या. आत साधा बल्ब पेटवून ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. एका जागी लाकूड भाजते, फेल्टला आग लागू शकते. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या पेटीला पुरत नाहीत. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, हा खेळ तर पिनब्लॉकला सततच्या दमटपणापेक्षाही वाईट.

आपले नम्र,
काही पियानो ट्यूनर व शिक्षक, मुंबई